बांधावरचे कोलामास्तर

आमचे हेडमास्तर वर्षाला तीन फोटो काढत. चौथ्याची वेळ आली की म्हणत, "हावरेपणा नको." आणि हे तीन फोटो काढण्यासाठी कार्तिकापासून माघ संपेपर्यंत रोज पहाटे खाडीच्या बांधावर चिखलात बसत. एवढा वेळ एखाद्याने देवासाठी दिला असता तर गावाने त्याला हार घातले असते. हे कोल्ह्यासाठी बसत.

मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. शाळा दोन शिक्षकांची, त्यातले एक ते आणि एक मी. घणसोलीच्या पुढे खाडीला टेकून आमचं गाव होतं. साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. तेव्हा नवी मुंबई हे नाव कुणी ऐकलं नव्हतं. भाताची खाचरं, मिठागरं, तिवरांचं रान आणि चिखल, एवढीच आमची संपत्ती. मी गावातलाच, आगऱ्याचा मुलगा, फायनल पास झालेला. ते पुण्याकडचे. बायको तिकडेच असे. ती इकडे का येत नाही हे मी कधी विचारलं नाही. थंडीचे चार महिने ते साबण लावत नसत, कारण साबणाचा वास म्हणे कोल्ह्याला लांबून येतो. कोल्ह्याची सोय झाली, शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माझी कोण करणार?

गाव त्यांना कोलामास्तर म्हणे. त्यांनाही ते माहीत होतं आणि त्यांना त्याचा अभिमान वाटत असे, हे आणखी वाईट.

कॅमेरा म्हणजे एक काळी डबी. गळ्यात अडकवायची आणि वरून आत डोकावायचं, विहिरीत डोकावल्यासारखं. लांबचं जवळ आणणारी काच त्या डबीला नव्हती. मी एकदा म्हटलं, "अहो, मग इतक्या लांबून कोल्हा दिसायचा कसा?" तर शांतपणे म्हणाले, "काच नाही, म्हणून कोल्ह्यालाच जवळ आणायचं." म्हणजे हा गृहस्थ वर्षानुवर्षं त्या चिखलात काय करत होता, तर एका कोल्ह्याला दहा हातांवर बोलावत होता. पहिल्या वर्षी कोल्हा म्हणे शंभर हातांवर थांबे. दुसऱ्या वर्षी ऐंशी. ही प्रगती ते मला पास-नापासाच्या निकालासारखी सांगत. आमची चौथीची मुलं मात्र तिथल्या तिथेच होती.

बरं, कोल्हा आला तरी फोटो निघेल असं नाही. उजेड पिकायला पाहिजे. हा त्यांचा शब्द. खाडीवर धुकं पडलं पाहिजे, त्याच्या मागे सूर्य आला पाहिजे, पण दिसता कामा नये, आणि चिखल, पाणी, तिवर सगळं दुधात कालवल्यासारखं झालं पाहिजे. तो पिकलेला उजेड. असा उजेड पाव तास टिके आणि नेमका त्या पाव तासात कोल्हा दुसरीकडे कुठेतरी खेकडे खात असे. मग ऊन पडलं की हे डबी बंद करून उठत. कोल्हा समोर येऊन नाचला असता तरी उन्हात त्यांनी फोटो काढला नसता. म्हणत, "नागड्या उन्हात कुणाचा फोटो काढू नये. ती बेअदबी आहे." स्वतः गुडघ्याएवढ्या चिखलात, अंगावर गोणपाट, आणि चिंता कोल्ह्याच्या बेअदबीची.

एका रोलात बारा फोटो मावत. तीनच्या हिशोबाने तो चार वर्षं पुरे. तोवर रोल शिळा होऊन जाई. ठाण्याच्या स्टुडिओतून धुऊन आलेला एक फोटो त्यांनी मोठा करून ऑफिसात टांगला होता. राखाडी कागद आणि त्याच्या मधोमध थोडं जास्त राखाडी. धुकं खाडीचं की शिळ्या रोलचं, देव जाणे. शाळा तपासायला आलेले साहेब बराच वेळ त्याच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "नकाशा चांगला आहे, पण गावांची नावं पुसली गेलीत." हेडमास्तर हसले नाहीत. म्हणाले, "हा त्याचा कान."

त्याच तपासणीच्या वेळची गोष्ट. साहेब शाळेपाशी आले ते परत फिरले होते. त्यांना वाटलं आज सुट्टी आहे. कारण शाळेतून आवाजच येत नव्हता. हेडमास्तरांची कुजबुजत बोलायची सवय. बांधावर कुजबुजायचं, म्हणून घरी कुजबुजायचं, म्हणून वर्गातही. मुलं काय, गुरूसारखी होतात. आमच्या गावची पोरं, जी एरवी खाडीच्या या काठावरून त्या काठाला हाका मारतात, ती वर्गात एकोणतीसचा पाढा कानगोष्ट सांगितल्यासारखा म्हणत. साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, "शिस्त उत्तम." माझ्या वर्गाने नंतर साहेबांपुढे मोकळ्या आवाजात पाढे म्हटले, त्याला शेरा मिळाला नाही.

माणसांचे फोटो ते काढत नसत. पाटलाच्या मुलीचं लग्न होतं. साऱ्या पट्टीत कॅमेरा एकच. पाटील स्वतः शाळेत आला, दारात चप्पल काढून उभा राहिला.

"मास्तर, पोरीचा येक फोटू काडा. सासरी जाल, मंग घरान काय रायल?"

"लग्न कधी आहे?"

"बैसाखान."

"फार ऊन. पौषात ठेवा. धुक्यात मुलगी छान येईल."

पौषात लग्न! पाटलाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. पाटील गेल्यावर मी म्हटलं, "अहो, पौषात आमच्याकडे कोणी लग्न लावत नाही. तुमच्याकडे लावतात का?" तर म्हणाले, "मग ते उन्हाचं काहीतरी बघा." ती मुलगी सासरी गेली आणि दोन वर्षांत बाळंतपणात वारली. पाटलाच्या घरात तिचा फोटो नाही. मी हे कधी विसरलो नाही आणि विसरणारही नाही.

आता न्यायाला धरून एक गोष्ट सांगतो, नाहीतर उगाच माझ्या मनाला टोचणी लागेल. तिसऱ्या वर्षी त्यांनी मला एकदा बांधावर नेलं. मी गेलो, हसायला काहीतरी मिळेल म्हणून. तास-दीड तास आम्ही बसलो. माझे पाय बधिर झाले. मग तिवरांतून कोल्हा आला. रोजच आम्ही कोल्हे पाहतो, दगड मारतो. पण तो धुक्यातून आला तो आधी नुसता दाट झालेल्या धुक्यासारखा, मग त्याला पाय फुटले, मग तोंड. तो थांबला आणि आमच्याकडे बघत राहिला. माझा हात दगडाकडे गेला नाही, खोटं का बोलू. तेवढ्यात मानेवर डास चावला आणि मी चापट मारली. कोल्हा गेला. हेडमास्तर रागावले नाहीत. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून कुजबुजले, "पुढच्या वर्षी." मला तेव्हा त्यांचा फारच राग आला. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता बांधाचं सांगायला हवं. आमची भातजमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. मधे मातीचा बांध. बांध आहे म्हणून भात आहे. त्यात खेकडे बिळं करतात आणि खेकड्यांसाठी कोल्हे ती बिळं उकरतात. उधाणाच्या भरतीला अशा भोकातून पाणी शिरलं की भोकाची घळ होते, बांध फुटतो. आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. एकदा खारं पाणी आत फिरलं की तीन पावसाळे जमीन धुतल्याशिवाय तिच्यात दाणा होत नाही. म्हणून उधाणाच्या दिवसांत भरती भरेपर्यंत बांधावर एक माणूस हवाच. भोक दिसलं की चिखलाने बुजवायचं, कोल्हा दिसला की हाकलायचा, हाताबाहेर गेलं की ओरडायचं. घरोघरी पाळी होती. पाळीची एक काठी होती, ती ज्याच्या दारात त्याची पाळी. आणि ज्याच्या पाळीत खांड जाईल त्या घराच्या कर्त्याने गावकीपुढे टोपी काढून उभं राहायचं. पुढे जन्मभर गावकीत त्याला बसायला जागा नाही, दाराबाहेरून ऐकायचं.

आमच्या बाबांची जागा गावकीत पहिल्या रांगेत होती. बांधाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. माती हातात घेऊन ते सांगत, इथे पाझर आहे. आमचं खाचरही बांधाला लागूनच.

हेडमास्तर रोज पहाटे बांधावर बसतात म्हटल्यावर गावाने जे करायचं तेच केलं. माझ्या सहाव्या वर्षी हे पहिल्यांदा कुणाला सुचलं ते ठाऊक नाही. थंडीत उठून पाळीवाला बांधावर जायचा, काठी मास्तरांच्या शेजारी चिखलात रोवायचा आणि म्हणायचा, "मास्तर, बगा हां." हे डबीतून डोकं न काढता म्हणायचे, "हो." पाळीवाला घरी येऊन परत गोधडीत शिरायचा. रात्रीच्या भरतीला माणसं जात, पण दिवसाची भरती मास्तरांच्या गळ्यात पडली. दोन महिन्यांत काठी गावात यायची बंद झाली, तिथेच रोवलेली राहिली. कुणाची पाळी कुणाला ठाऊक नसे. बाबा तेवढे बोटांवर मोजत. चोराच्या हातात किल्ल्या द्याव्यात तसं झालं. ज्याने कोल्हा हाकलायचा त्याच्या आयुष्याचं ध्येय कोल्ह्याला जवळ बोलावणं! एवढं साधं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर शिकलेला.

पौषातली वद्य त्रयोदशी. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशोब आमच्याकडे शाळेत न गेलेल्यालाही येतो. तेराची पाऊणपट, म्हणजे पावणेदहा. बाबांना ताप होता. अंथरुणातून म्हणाले, "आज आपली पाली हाय. तू जा. भरती भरंपरयंत हलू नको."

मी गेलो. सातचा सुमार होता. धुकं एवढं की स्वतःचा हात दिसेना. गोणपाटाचा ढीग दिसला, तेच हेडमास्तर. मी म्हटलं, "गुरुजी, पाळी आमची आहे. तुम्ही बघाल का?" ते म्हणाले, "हो, जा." मी आलो. मला थंडी वाजत होती. दुसरं काही कारण नव्हतं.

पुढचं मी पाहिलं नाही, त्यांनीच नंतर सांगितलं. त्या दिवशी उजेड पिकला. कोल्हा आला तो सत्तर हातांवर थांबला नाही, पन्नासावर थांबला नाही. दहा हातांवर आला, बांधावर चढला आणि खेकड्याचं बीळ उकरू लागला.

सव्वानऊच्या सुमाराला विहिरीवर बायका होत्या. गुडघ्यापर्यंत चिखल झालेला एक माणूस धुक्यातून पळत आला आणि त्यांच्यापुढे तोंड उघडून उभा राहिला. आवाज नाही. बायका हसल्या. त्यांना वाटलं, कोल्हा मागे लागला. मी ओटीवर चहा पीत होतो. ते माझ्याकडे आले, माझा हात धरला आणि नेहमीसारखं कुजबुजले, "खांड." गळ्याच्या शिरा ताणलेल्या, डोळ्यांत पाणी आलेलं. हा माणूस ओरडायचा प्रयत्न करत होता आणि ओरडणं विसरला होता. ओरडलो मी.

गाव धावलं. चार हात रुंद खांड, आणि पाणी बांधाच्या माथ्याला. अशा वेळी एकच उपाय असतो. पुरुषांनी खांडीत खांद्याला खांदा लावून, खाडीकडे पाठ करून उभं राहायचं आणि त्यांच्या पायांशी बायकांनी टोपल्या टोपल्या चिखल ओतायचा. ओहोटी लागेपर्यंत आम्ही उभे होतो. हेडमास्तर माझ्या शेजारी होते. हाडं वाजत होती त्यांची. "तुम्ही बाहेर व्हा," मी म्हटलं. ते झाले नाहीत. पाणी छातीपर्यंत होतं आणि डबी गळ्यातच होती. काढून वर ठेवायची त्यांना आठवण झाली नाही. बारा फोटो काढले होते त्या सकाळी. तीन नव्हे, बारा, नवा रोल अख्खा. सगळे खाऱ्या पाण्यात गेले.

संध्याकाळी गावकी बसली. बाबा तापाने फणफणलेले, ते घरीच. पाटलाने विचारलं, "पाली कोनाची व्हती?"

 ज्याला त्याला वाटत होतं, माझी तर नसेल? दोन महिने प्रत्येकानेच तेच केलं होतं. मला माहीत होतं. मी दाराजवळ उभा होतो, आणि मला डोळ्यांपुढे बाबा दिसत होते, टोपी हातात घेऊन माझ्याच जागी, दाराबाहेर.

हेडमास्तर उठले. ते कुजबुजत बोलले, म्हणून सगळ्यांना पुढे वाकून ऐकावं लागलं.

"काठी माझ्याजवळ होती. पाळी माझी. कोल्हा उकरत होता ते मी पाहिलं. पाणी आत यायला लागलं तेही पाहिलं. मला वाटलं, अजून एक काढू आणि उठू."

"पानी दिसत व्हतं नी तुमी फोटू काडत व्हतं?" पाटील म्हणाला. 

"हो."

"माजे पोरीचा येक नाय काडला तुमी."

 हेडमास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तसेच उभे राहिले. ते माझ्याकडे पाहतील असं मला वाटत होतं. पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. त्यांनी पाहिलं नाही. ते काय मला वाचवत होते? छे. मला नाही वाटत. सकाळी कोण आलं, काय बोललं, हे त्यांच्या कानापर्यंत तरी पोचलं होतं की नाही, शंका आहे. त्यांना खरोखरच वाटत होतं, की पाळी त्यांची. असल्या माणसाचा राग करणंही कठीण, पण मी केला. मन लावून केला. महिनाभरात त्यांनी बदली मागून घेतली आणि गेले. निरोप द्यायला मीच धक्क्यापर्यंत गेलो, कारण दुसरं कुणी जाईना.

मग आमची खारी वर्षं आली. बांधालगतच्या खाचरांत पहिल्या पावसाळ्यात रोप लावलं ते आठवड्यात पिवळं पडलं. बाबा रोज सकाळी खाचरात उतरत, चिमूटभर माती जिभेवर ठेवत आणि थुंकत. "खारी हाय." दुसऱ्या पावसाळ्यात तेच. गावात कोलामास्तरला शिव्या दिल्याशिवाय कुणाचा घास उतरत नसे आणि त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा. त्यांच्या नकला मी इतक्या हुबेहूब करी की लोक मला बोलावून घेत. बाबा मात्र उठून आत जात. मला वाटे, जमिनीचं दुःख.

तिसऱ्या श्रावणात एक दिवस मी त्यांच्याबरोबर खाचरात होतो. त्यांनी माती जिभेवर ठेवली. वाट पाहिली. थुंकले नाहीत. गिळली.

"गोड झाली," ते म्हणाले. मग बांधावर बसले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "त्या दिशी पाली आपली व्हती."

मी बांधावरचं गवत उपटू लागलो.

"तू सकालचा परत आलास तवा तुजं पाय कोरडं व्हतं. भरतीपरयंत बांदावर उबा ऱ्हायलेल्याचं पाय कोरडं नसतान." तीन वर्षं ते हे पोटात ठेवून गावकीच्या पहिल्या रांगेत बसले होते.

"मास्तरला येक कागद लिव," ते म्हणाले. "लिव की पाली आमची व्हती. जमीन गोड झाली, ता पन लिव."

"त्यांचा पत्ता नाही माझ्याकडे," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली. मातीचे हात धोतराला पुसले आणि लावणी बघायला खाली उतरले. पुढच्या दिवाळीपासून ते गावकीत आत बसेनासे झाले. दाराबाहेर उभे राहत. कुणी आत बोलावलं तर म्हणत, आत गरम होतं.

पत्ता होता. टपाल पाठवायला म्हणून धक्क्यावर हेडमास्तरांनी तो सांगितला आणि मी शाळेत येऊन स्वच्छ अक्षरात आवक-जावक वहीत लिहून ठेवला. पुढे एकवीस वर्षं मी त्याच शाळेचा हेडमास्तर होतो. ती वही माझ्या टेबलाच्या वरच्याच खणात होती.